गटारीचे दोन झुरके आणि ग्रुपचा नियम

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारा सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरच्या एका गावातला, वय ३८, हार्डवेअरचं छोटं दुकान. १७ वर्षं सिगरेट, शेवटी शेवटी दिवसाला १२-१५. पाडव्याला सोडली. बरोबर दोन मित्रांनी सोडली, एक रिक्षावाला आणि एक पतसंस्थेत कामाला. तिघांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, रोज सकाळी आपापल्या दिवसांचा आकडा टाकायचा. जूनमधे बोटी बंद झाल्या तेव्हा चौथा आला, तो तांडेल आहे, म्हणजे मासेमारी बोटीचा कप्तान. ग्रुपचा नियम एकच, जो ओढेल तो बाहेर, आणि हा नियम लिहिणाऱ्यानेच केलेला. आता गेल्या आठवड्यात बर्फाच्या फॅक्टरीमागे तांडेल ओढताना दिसला, आणि त्याच सकाळी त्याने ग्रुपवर "६६" टाकलेलं. तो वास आला आणि "साडेचार महिन्यांनी माझीच तलफ उठली दादा, रात्री झोप नाही." वर गणपती तोंडावर, मुंबईहून चाकरमानी येणार, रात्रीची भजनं, मधल्या चहाला सगळे माडाखाली जाऊन पेटवणार. विचारलंय की तांडेलाचं ग्रुपवर सांगू का, की मीच ग्रुप सोडू कारण तिथे सारखा सिगरेटचाच विषय, आणि यंदा भजनाला जाऊच नको का. शेवटी कंसात एक ओळ: "गटारीला मी पण दोन झुरके मारलेले, पण ते मी धरत नाही."

---

अरे भावा, तू मला दादा म्हटलंयस तर मी सरळ तू म्हणतो, राग मानू नकोस. आणि सुरुवात त्या कंसापासूनच करतो, कारण तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तीनही वेळा मला असं वाटलं की अख्खं पत्र त्या कंसासाठी लिहिलंय. तांडेलाबद्दल तू दीड पान लिहिलंस, तो कुठे उभा होता, कसा हात मागे लपवला, सगळं. स्वतःच्या झुरक्यांना अर्धी ओळ. त्या रात्रीनंतर सकाळी तू ग्रुपवर काय टाकलंस? "११६" टाकलं असशील ना? मग तांडेलाचा "६६" आणि तुझा "११६" यात फरक काय राहिला सांग. हे मी तुला टोचायला म्हणत नाहीये, मी स्वतः हेच केलंय, ते पुढे येईलच.

चार जणांच्या ग्रुपमधे दोघं खोटा आकडा टाकतायत हे तर मला इथे बसून कळलं. उरलेल्या दोघांचं देव जाणे. रिक्षा स्टँडवर दिवसभर बसणारा माणूस साडेचार महिन्यांत एकदाही घसरला नाही असं असेलही, असो, त्याचं कौतुकच. पण तुला असं वाटत नाही का की माणसं वाईट नाहीत, नियम वाईट आहे? जो ओढेल तो बाहेर म्हणजे ज्याला ग्रुपची सगळ्यात जास्त गरज त्यालाच तुम्ही त्याच वेळी दाराबाहेर काढता. मग तो काय करणार, तो आकडा टाकत राहणार आणि फॅक्टरीमागे जाणार. तूही तेच केलंस, फक्त तुझी फॅक्टरी कंसात आहे.

आता तलफेचं. तुला वाटतंय की साडेचार महिने झाले, आता ती जायला हवी होती, गेली नाही म्हणजे मी मनाने कच्चा. इथे तुझा हिशेब चुकतोय. निकोटिनची शरीराची जी मागणी असते, चिडचिड, डोकं जड, हाताला चैन नाही, झोपेचे बारा, ती पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जोरात असते आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत उतरते. ते तू एप्रिलमधेच पार केलंस. आता जी उठते ती शरीराची मागणी नाही, ती जागेची आणि वेळेची आठवण आहे. सतरा वर्षं दिवसाला बारा, करून बघ हिशेब, सत्तर हजाराच्या वर सिगरेटी होतात, आणि प्रत्येक कुठल्या ना कुठल्या जागी, कोणाच्या ना कोणाच्या सोबतीने ओढलेली आहे. टपरी, जेटी, एसटी स्टँड, जेवणानंतरची पडवी. तू दुकानात सोडलीस, घरात सोडलीस, कारण तिथे रोज बसून रोज न ओढता साडेचार महिने काढलेस. गणपतीत सोडलीस का? नाही, कारण पाडव्यानंतर अजून गणपती आलाच नाही. वर्ष फिरेपर्यंत प्रत्येक सण, प्रत्येक जत्रा, शिमगा, बाराव्या-तेराव्याला मांडवात बसणं, सगळं तुझं सिगरेटीशिवायचं पहिलंच असणार आहे. गटारी पण पहिलीच होती, बघ.

तांडेलाचं पण नेमकं हेच झालंय असं मला वाटतं. तो जूनमधे आला, म्हणजे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते त्या काळात, बोट शाकारलेली, माणूस घरी, बायको-पोरं समोर, जाळ्याची डागडुजी. त्याने सिगरेट जमिनीवर सोडली. समुद्रात सोडलीच नव्हती. बंदी उठली, बोट पाण्यात गेली, रात्री दोन वाजता सुकाणूवर जागं राहायचं, खलाशी बाजूला ओढतायत, तिथे त्याला न ओढता बसायची एका रात्रीची पण सवय नाही. वर खोल पाण्यात रेंज जाते म्हणजे तुमचा ग्रुपही नाही. त्याची फसवणूक वगैरे नको म्हणूस. त्याला आधार हवाय तो बोटीवर हवाय, एखादा खलाशी जो त्याला म्हणेल चल मी बसतो तुझ्यासोबत. हे तो जमवू शकतो का ते त्याला विचार, ग्रुपवर नाही, घरी जाऊन.

आणि जाताना असा वेळ बघून जा की त्याचे हात कामात असतील, जाळं दुरुस्त करत बसलेला असतो तसा. समोरासमोर डोळ्यात डोळे घालून ही बोलणी होत नाहीत, आपल्याकडच्या पुरुषांची तर नाहीच नाही. "मी तुला बघितलं" असं सुरू करू नकोस. तू तुझी गटारी सांग. दोन झुरके, कुठे, कोणाबरोबर, नंतर काय वाटलं. आणि गप्प बस. तो बोलेल. नाही बोलला तरी चालेल, त्याला कळेल की तुझ्याकडे बोललं तर चालतं.

माझंच सांगतो. मी अकरा वर्षांपूर्वी सोडली, तेव्हा माझ्यासोबत एक एसटी कंडक्टर होता, दोघांनी एकाच आठवड्यात सोडलेली, आमचा ग्रुप म्हणजे आम्ही दोघं आणि फोन. तिसऱ्या आठवड्यात मी रात्री स्टेशनवर उभा, गाडी दोन तास लेट, पाऊस, आणि प्लॅटफॉर्मच्या टोकाला कोणीतरी पेटवली. मी चालत चालत त्याच्यापाशी गेलो. त्याने न विचारता पाकीट पुढे केलं, आपल्याकडे एवढी माया फक्त सिगरेटवालेच दाखवतात. मी एक घेतली, कानावर ठेवली आणि फोन लावला. कंडक्टर झोपेत. मी म्हटलं, कानावर आहे. तो काही बोलला नाही, सोडलेल्यांना उगाच उपदेश करायची सवय असते ती त्याला नव्हती, तो म्हणाला, "आज घराक काय काय शिजलेला तां सांग." मी सांगायला लागलो, बांगड्याचं तिखलं, कुळथाची पिठी, मग त्याने विचारलं बांगडा कसा मिळाला, मग त्याने त्याचा भाव सांगितला, मग आमचं त्यावरून भांडण झालं. फोन ठेवला तेव्हा नऊ मिनिटं झाली होती आणि कानावरची सिगरेट पावसाने भिजून मऊ झाली होती. तेव्हा कळलं की तलफ फार वेळ टिकत नाही, दोन-चार मिनिटं, फार तर दहा. आपल्याला वाटतं की ओढेपर्यंत ती वाढतच जाणार, म्हणून आपण लवकर हार मानतो. ती न ओढताही उतरते. (सगळे इथे लाटेची उपमा देतात, मी देणार नाही, समुद्राकाठच्या माणसाला माहीत असतं की एक लाट गेली की दुसरी येतेच.)

तर पुढच्याच महिन्यात मी एका लग्नात दोन ओढल्या आणि कंडक्टरला सांगितलं नाही. पंधरा दिवस नाही सांगितलं. त्या पंधरा दिवसांत मी त्याला एकदाही फोन केला नाही, कारण फोन केला तर खोटं बोलावं लागलं असतं, आणि त्याच पंधरा दिवसांत दोनाच्या रोजच्या चार झाल्या. दोन झुरक्यांनी तुझं काही बिघडलं नाही रे, शरीराच्या बाबतीत तर अजिबात नाही. बिघडतं ते लपवल्याने, कारण मग पुढच्या वेळी फोन करायला माणूस उरत नाही. तू ते झुरके "धरत नाही" म्हणतोस, तिथे मला नाही म्हणायचंय. धर. पण शून्यावर जाऊ नकोस. तुझी तारीख पाडवाच. गटारी ही त्यातली एक नोंद. काय झालं होतं ते लिहून काढ: दारू होती का (होती, गटारीला काय दूध पितात), कोणी दिली, किती वाजले होते, जेवलेला होतास का. दारूबरोबर पहिला ग्लास संपेपर्यंत निर्धार टिकतो आणि दुसऱ्यात विरघळतो हे बऱ्याच जणांचं होतं, तर गणपतीच्या आधी निदान एवढं ठरव की हे वर्ष संपेपर्यंत त्या कंपनीत बसायचं नाही.

आता ग्रुप सोडू का, हा प्रश्न. सिगरेटच्या गप्पांनीच तलफ येते हे तुझं म्हणणं मला पटतं, ते खरं आहे. रोज सकाळी उठल्या उठल्या चहाच्या आधी सिगरेटचा आकडा टाइप करायचा म्हणजे दिवसाची सुरुवात तिच्याच नावाने झाली की. कोणीतरी काळ्या फुफ्फुसाचे फोटो टाकत असेल, कोणीतरी "आठवतो का तो कडक चहा आणि काडी" असं. फोटो बंद करा. चवीच्या आठवणी बंद करा. आकडा महिन्यातून एकदा टाका हवा तर. ग्रुप ठेवा तो फक्त हाक मारायला. एक शब्द ठरवा, "खंय आसात?" एवढाच मेसेज, आणि तो दिसला की जो मोकळा असेल त्याने टाइप करत बसायचं नाही, फोन लावायचा, आणि सिगरेटचं अवाक्षर न काढता दहा मिनिटं दुसरं काहीतरी बोलायचं. भाव, क्रिकेट, पोरांची शाळा, काय वाट्टेल ते. मग हवं तर ग्रुप म्यूट ठेव, पण सोडू नकोस.

आणि नियम तू काढ, कारण तूच केलायस. मेसेज मोठा नको. "गटारीला मी दोन झुरके मारलेले, तेव्हा सांगितलं नाही. त्यानंतर नाही. बाहेर काढायचा नियम मी केला होता, तो आजपासून नाही. कोणी घसरला तर पहिला इथे सांगायचा." बस. तांडेलाचं नाव नको, सूचक पण नको. त्याला आत यायला दार उघडं झालं की पुढचं त्याच्यावर. तू विचारतोस त्याचं सांगू का, तर नाही, ते तुझं नाहीच सांगायचं. आणि हो, पतसंस्थावाला कदाचित चिडेल, जे कडक पाळतात त्यांना नियम सैल झाला की आपली मेहनत पाण्यात गेल्यासारखी वाटते, त्याला वेगळा फोन कर.

औषधाबद्दल तू विचारलं नाहीस पण असे बरेच वाचक असतील म्हणून लिहितो. तुला आत्ता निकोटिन गमची फारशी गरज नाही, वर म्हटलं तसं तुझं शरीर केव्हाच सुटलंय. तांडेलाला आहे, तो परत ओढायला लागलाय. २ मिलिग्रॅमचं गम मेडिकलमधे चिठ्ठीशिवाय मिळतं, जास्त ताकदीचं डॉक्टरला विचारून. बहुतेक लोक ते च्युइंगमसारखं कचाकचा चावतात, मग घसा जळतो, उचकी लागते, आणि म्हणतात गम काही कामाचं नाही. ते सावकाश चावायचं, तोंडात झिणझिणलं की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवायचं, झिणझिण गेली की परत दोन-चारदा चावायचं, असं अर्धा तास. आणि त्याच्या आधी पंधरा मिनिटं आणि चघळताना चहा, कोकम सरबत, सोलकढी असलं काही नको, आंबट पदार्थाने तोंडातून निकोटिन नीट शोषलं जात नाही. आपल्याकडे जेवणानंतर सोलकढी आणि जेवणानंतरच तलफ, म्हणजे गम नेमकं तिथे फुकट जातं, हे कोणी सांगत नाही. गमने भागत नसेल तर गोळ्या पण असतात, त्या डॉक्टरच देतील, जिल्हा रुग्णालयात विचारायचं. हृदयाचा त्रास असेल, घरात कोणी गरोदर बाई तंबाखू-मिश्री सोडत असेल, तर गम पण डॉक्टरला विचारूनच. आणि १८००-११-२३५६ हा सरकारी टोल-फ्री नंबर आहे, पाकिटावरच छापलेला असतो, वर्षानुवर्षं तू तो अंगठ्याखाली दाबून पाकीट उघडलंस. ज्याला गावात कोणी जोडीदार नाही त्याने तिथे फोन करावा, लाजायचं काय त्यात.

सिगरेटच्या जागी काय तोंडात टाकतोस ते पण बघ. पत्रात तू "सुपारीवर भागवतो" असं सहज लिहिलंयस. ते बंद कर. श्रीवर्धनचा रोठा कितीही चांगला असू दे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने नुसत्या सुपारीला, तंबाखू नसली तरी, माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत घातलंय, ते २००४ पासून. आजीच्या चंचीतली असली म्हणून ती औषध होत नाही. लवंग ठेव, बडीशेप ठेव, तळलेले गरे ठेव, वजन थोडं वाढेल, वाढू दे, ते नंतर बघता येतं. आणि मुंबईचा कोणी भाचा "हे व्हेप आहे मामा, यात धूर नाही" म्हणून काही काढेल, तर त्याला सांग की ई-सिगरेटवर देशात २०१९ पासून बंदी आहे आणि निकोटिन त्यात पण असतंच.

राहिलं भजन. नको जाऊ असं मी कोण सांगणार, सिंधुदुर्गात गणपतीत भजनाला न जाणारा माणूस आजारी समजतात, आणि घरी बसून दूरवरून पखवाज ऐकत राहिलास तर तलफ जास्त येईल. जा. पण तयारीने जा. पहिली गोष्ट, हातात झांज घे, बसायला आतल्या बाजूला घे, गणपतीवरच्या सजवलेल्या माटवीपाशी, दाराजवळ नको. दाराजवळचे सगळे ओढणारे असतात, तू पण सतरा वर्षं तिथेच बसलास ना? दुसरी गोष्ट चहा. ही गंमत फार कमी जणांना माहीत असते, सिगरेटच्या धुरामुळे शरीर चहातलं कॅफिन लवकर संपवतं, आणि सिगरेट सोडली की तेवढाच चहा अंगात जास्त वेळ राहतो. म्हणजे तू पाच घरी पाच चहा घेतलेस तर गेल्या वर्षीपेक्षा जास्त धडधड, जास्त अस्वस्थपणा, झोप नाही, आणि तुला वाटणार ही तलफ. अर्धा कप घे, किंवा उसळ खा आणि चहा नको म्हण. तुझी झोप गेलीय लिहिलंस, दुकानात दिवसाचे किती चहा होतात ते पण मोज जरा.

गजर संपला, पेले फिरले, की सगळे खळ्याच्या कडेला माडाखाली जाणार. ती दहा मिनिटं अवघड आहेत, बाकी रात्र नाही. त्या दहा मिनिटांत तुला काम हवं. घरातल्या बायकांकडून उसळीच्या वाट्या घेऊन वाढायला लाग, रिकामे पेले गोळा कर, काहीही. एखादा चाकरमानी म्हणेलच, "एक वडलंस म्हणान मरुचस नाय." त्याला लेक्चर देऊ नकोस, वर्षातून एकदा येतो बिचारा. "माका खोकलो इलोहा" म्हण आणि चालू लाग. सोडलीय असं सांगितलंस की त्याला तुला पाडायची खुमखुमी येते, खोकल्याशी कोणी वाद घालत नाही. खोटं बोलू नको असं मी वर सांगितलं ते तुमच्या चौघांत, चाकरमान्यांना लागू नाही.

रिक्षावाला त्याच भजनी मंडळात आहे असं तू लिहिलंस. मग झालंच तर. दोघांनी आधीच ठरवा की चहाच्या वेळी एकमेकांना शोधायचं. आणि टपरीवाल्याला आत्ताच सांगून ठेव की मला सुटी सिगरेट द्यायची नाही. सुटी विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदीच आहे पण मिळते ते आपल्या दोघांनाही माहीत आहे, आणि घसरणारा माणूस अख्खं पाकीट घेऊन घसरत नाही, एका सुट्या सिगरेटीवरच घसरतो.

एक विचारायचं राहिलं. तुझ्याकडे लायटर अजून आहे का? असणार, सगळ्यांकडे असतो, समईला लागतो म्हणून ठेवलेला. ओढणारे माडाखाली जमले की "लायटर कोणाकडे आहे रे" अशी हाक येते आणि लायटरवाला आपोआप तिथे जाऊन उभा राहतो. तो बायकोकडे दे, देवघरात राहू दे, आणि तू काडेपेटी पण घेऊन जाऊ नकोस. तांडेलाकडे कधी जातोस ते कळव.